बाबांनी अधोरेखित केलेलं वचन

बाबांचं इंग्रजी बायबल हातात घेतलं की योहानाच्या पहिल्या पत्राचं पान आपोआप उघडतं. तेच पान इतक्या वेळा काढलं गेलं की पुस्तकाची शिवण तिथे सैल झाली आहे. पाचव्या अध्यायातल्या सातव्या वचनाखाली तांबड्या पेन्सिलीची जाड रेघ आहे. स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द (म्हणजे पुत्र येशू) आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत, असं ते वचन. बाबा गिरणीत साचा खात्यात होते. इंग्रजी ते अडखळत वाचायचे, पण हे वचन त्यांना तोंडपाठ होतं. चर्चच्या शब्बाथशाळेत ते मुलांना शिकवायचे. तिथे त्र्यैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, धडा आला की आधी ते इंग्रजीतून म्हणायचे, मग मराठीत समजावायचे आणि मग खिशातून सुताचे तीन धागे काढायचे. एक धागा आमच्यापैकी कुणाला तरी तोडायला द्यायचे. तो पटकन तुटायचा. मग तिन्हींना पीळ घालून म्हणायचे, "आता तोड." बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकातली सहज न तुटणारी तिपदरी दोरी त्यांनी अशी सोलापुरात आणली होती. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कुणी ना कुणी गिरणीत किंवा मागावर होतं. सुताची भाषा आम्हाला निराळी शिकवावी लागत नव्हती.

मी चौदा वर्षांची असताना दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चची पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गाला बसले. पाळकसाहेबांनी वचनं पाठ करायला सांगितली होती. मी हेच निवडलं, बाबांचं म्हणून. रात्री मराठी बायबल उघडून पाठ करायला बसले आणि वचन सापडेना. म्हणजे सातवं वचन होतं, पण त्यात आत्मा साक्ष देतो, कारण आत्मा सत्य आहे, एवढंच होतं. आठव्यात तीन साक्षी होते, पण ते आत्मा, पाणी आणि रक्त. पिता नाही, शब्द नाही, स्वर्गही नाही.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी दोन्ही बायबलं दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत कितीतरी वेळ वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "छपाईची चूक असेल." दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर थेट पाळकसाहेबांकडे गेले, मलाही बरोबर नेलं. पाळकसाहेबांनी दोन्ही पुस्तकं पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, चूक मराठीत नाही. इंग्रजीतलं ते वाक्य मागाहून आलेलं आहे."

त्यांनी त्या दिवशी थोडक्यात सांगितलं, बाकीचं मी पुढे वाचत गेले. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्याच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हे वाक्य नाही. ते आधी लॅटिन परंपरेत दिसतं. इरॅस्मस या युरोपातल्या विद्वानाने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला तेव्हा ते घातलं नाही, १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही नाही. त्यावरून त्याच्यावर टीकेची झोड उठली. मग ते वाक्य असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं, तेही त्याच काळातलं, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते छापलं. तिथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलात गेलं आणि तिथून गिरणीतल्या एका कामगाराच्या तांबड्या पेन्सिलीखाली आलं. आयझॅक न्यूटननेही या वाक्याविरुद्ध लिहिलं होतं. तिघे आहेत आणि ते तिघे एक आहेत, हे एका ओळीत, कुठलाही आडपडदा न ठेवता सांगणारं अख्ख्या बायबलातलं हे एकच वाक्य, आणि ते मूळचं नाही.

बाबांनी त्यानंतर ते वचन वर्गात कधीही म्हटलं नाही. धागे मात्र चालू राहिले. पेन्सिलीची रेघ त्यांनी खोडली नाही आणि मीही खोडलेली नाही.

त्या रात्रीपासून मला एक प्रश्न चिकटला: ते वाक्य गेलं, तर मग उरलं काय? "त्र्यैक्य" हा शब्द बायबलात नाही, हे तर आम्हाला कुणी लपवून ठेवलेलं नव्हतं. ग्रीकमधला त्रयीवाचक शब्द अंत्युखियाच्या थियोफिलसने इसवी सन १८० च्या सुमारास वापरला, लॅटिनमधला शब्द तर्तुलियनने त्यानंतर रूढ केला. पण शब्द नसला म्हणून गोष्ट नाही असं होत नाही. प्रश्न गोष्टीचा होता.

पुष्कळ लोक उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करतात. "आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य आपण करू," असं देव म्हणतो. देव एकटा असेल तर हे "आपण" कोण? मराठी वाचकाला इथे एक वेगळीच अडचण आहे. आपल्याकडे "आम्ही" आणि "आपण" असे दोन शब्द आहेत. "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. हिब्रूत हा भेद नाही. भाषांतरकाराला दोहोंतला एक शब्द उचलणं भागच होतं. त्याने "आपण" लिहिलं आणि ऐकणारं कुणीतरी त्या वाक्यात येऊन बसलं. मला हे फार सुंदर वाटतं, पण पुरावा म्हणून मी ते वापरणार नाही. ज्यांचं ते शास्त्र आधी होतं त्या यहुदी भाष्यकारांनी ते बोलणं देवदूतांशी आहे असं वाचलं, आणि तसं वाचता येतं. पुढच्याच वचनात निर्माण करणारा पुन्हा एकवचनी आहे. देवासाठी असलेला "एलोहीम" हा हिब्रू शब्द रूपाने अनेकवचनी आहे, हेही लोक उत्साहाने सांगतात. पण "बाबा आले" म्हणणाऱ्या आपल्याला अनेकवचनाचा आदर निराळा समजावून सांगायला नको. ह्या वचनांवर घर बांधलं तर ते योहानाच्या पत्रातल्या त्या ओळीसारखंच एक दिवस खचेल.

आमच्या शेजारच्या काकू दर पौर्णिमेला गाणगापूरला जायच्या. अक्कलकोट तर त्यांना घरअंगणासारखं. एकदा नाताळच्या करंज्या द्यायला गेले तेव्हा देवघरातल्या दत्ताकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तुमचेही तीन आणि एक, आमचेही तीन आणि एक. मग वेगळं काय गं?" किती मायेने म्हणाल्या होत्या! मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज द्यायचं तर असं देईन की काकू, दत्तामध्ये तिघे एका देहात एकवटलेले आहेत, आणि उत्पत्ती, स्थिती, लय अशी तिघांची कामं निरनिराळी सांगितली जातात. आमच्या शास्त्रात पिता, पुत्र आणि आत्मा यांची कामं अशी वाटून दिलेली नाहीत, जे पिता करतो तेच पुत्र करतो असं योहान लिहितो. आणि ते एका मूर्तीत दिसत नाहीत, एकमेकांशी बोलताना दिसतात. काकू आता नाहीत. हे त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांनी पुढचा प्रश्न नक्की विचारला असता.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की थोड्या वेळात केडगाव येतं. गाडी थांबो न थांबो, मी खिडकीतून बाहेर बघते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर दोनेक वर्षांत त्यांचा आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांचा ह्याच विषयावर पत्रांतून वाद झाला. शास्त्रात हे नेमकं कुठे आहे, असं रमाबाई विचारत होत्या. अथनाशियसच्या नावावर असलेला मतांगीकार, म्हणजे त्र्यैक्यावरच्या श्रद्धेची ठरीव कबुली, त्यांना खटकत होता. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द मानायला मी बांधलेली नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. सत्ताविशीतली विधवा बाई, पदरात लहान मुलगी, परका देश, अन्नवस्त्रासाठी ज्यांच्यावर अवलंबून त्यांनाच हे लिहिणं! मला ती पत्रं वाचताना ऊर भरून येतो. चर्चमध्ये आम्ही रमाबाईंचं नाव अभिमानाने घेतो, पण त्यांच्या या शंकांबद्दल व्यासपीठावरून मी कधी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं. शंका घेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला त्याने किती आधार झाला असता.

आणि ह्याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक यांच्यावर मेहनत घेऊन अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून निघाला, आणि छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. तोवर त्या ख्रिस्ताला देव मानून त्याच्या पाया पडणाऱ्या झाल्या होत्या. मतांगीकार पाठ करून त्या तिथे आल्या नव्हत्या. शास्त्र वाचत वाचत आल्या होत्या.

तसंच वाचायचं तर आधी अडचणीची वचनं समोर ठेवायला हवीत. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे," असं येशू योहान १४:२८ मध्ये म्हणतो. "तू जो एकच सत्य देव" अशी प्रार्थना तो सतराव्या अध्यायात करतो. मार्क १३:३२ तर फार अवघड आहे. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला. चौथ्या शतकात, पुत्र हा देवाने निर्मिलेला आहे असं शिकवणाऱ्या आरियसच्या बाजूचे लोक ह्याच वचनांवर उभे होते, आणि ते शास्त्र न वाचणारे लोक नव्हते. "थोर" या शब्दाचं मला उत्तर सापडतं. माझे बाबा माझ्यापेक्षा थोर होते आणि तरी मी त्यांच्याइतकीच माणूस आहे. थोरपण नात्याचं असू शकतं. पण "पुत्रालाही ठाऊक नाही" ह्याला, येशू मनुष्य म्हणून ते जाणत नव्हता, असं जे उत्तर पूर्वीपासून दिलं जातं, ते मी ऐकून घेते, आणि वचन तरी तिथे खड्यासारखं राहतंच. मार्काने ते गाळलं नाही. ज्या मंडळीने पुढे पुत्राला देव म्हटलं, तिनेही पिढ्यानपिढ्या ते नकलून घेतलं. याचा मला आदर वाटतो.

मग दुसरी बाजू. इथे आपल्या मराठी बायबलामुळे एक गोष्ट आपल्या नजरेआड होते. यहुदी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकातलं ६:४ हे वचन म्हणायचा: हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. आपण जिथे "परमेश्वर" वाचतो तिथे हिब्रूत देवाचं स्वतःचं नाव आहे, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्या जागी "कुरिओस" आहे. नव्या करारात तोच "कुरिओस" येशूला लावला आहे, पण तिथे आपण "प्रभू" असं भाषांतर करतो. जुन्या करारात परमेश्वर, नव्यात प्रभू. मधला धागा मराठी वाचकाला दिसतच नाही. आता १ करिंथ ८:६ वाचा. आपल्याला एकच देव, म्हणजे पिता, आणि एकच प्रभू, म्हणजे येशू ख्रिस्त, असं पौल लिहितो. रोज म्हणायच्या त्या कबुलीतले "देव", "प्रभू" आणि "एक" हे तिन्ही शब्द त्याने उचलले आणि येशूला त्या कबुलीच्या आत बसवलं. तीत दुसरा देव जोडला नाही. जुन्या कराराच्या योएलात जो कोणी परमेश्वराचं नाव घेऊन धावा करील तो वाचेल असं आहे, तेच वचन पौल रोमकरांस पत्रात येशूबद्दल घेतो. यशयात देव म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, फिलिप्पैकरांस पत्रात तो गुडघा येशूच्या नावाने टेकतो. आणि हे लिहिणारा पौल परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला होता. मूर्तीपुढे मान वाकवण्यापेक्षा मरण बरं, अशा संस्कारात वाढलेला. ही पत्रं वधस्तंभानंतर पंचवीस-तीस वर्षांतली आहेत. पुत्राबद्दलचा वाद जिथे ठरवला गेला त्या निकायाच्या परिषदेला अजून पावणेतीनशे वर्षं होती.

योहान १०:३० मधलं "मी आणि पिता एक आहो" हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, पण हे क्रियापद खूप उशिरा नजरेत आलं. "एक", आणि पुढे "आहो". एक आहे, असं नाही. आपण आज "आहोत" म्हणू तसं अनेकवचन. ग्रीकमध्येही तसंच आहे. शिवाय तिथला "एक" नपुंसकलिंगी आहे. एकच जण असं तो म्हणत नाही, पण दोन निरनिराळे देव असंही म्हणत नाही.

आत्म्याबद्दल शास्त्र कमी बोलतं आणि मीही कमीच बोलेन. हनन्याला पेत्र म्हणतो की तू पवित्र आत्म्याशी लबाडी केलीस, आणि लगेच, तू देवाशी लबाडी केलीस. आत्म्याला खिन्न करू नका, असं पौल लिहितो. वाऱ्याला किंवा शक्तीला कुणी खिन्न करू शकत नाही.

ह्या सगळ्यावरून माझं मत विचाराल तर ते असं आहे. एक तत्त्व आणि तीन व्यक्ती ही मांडणी बायबलात नाही, ती मंडळीने घडवली. ३२५ साली निकायात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, बिशप जमले आणि त्यांनी पुत्र पित्याशी "एकतत्त्व" आहे असं लिहिलं. हा शब्द शास्त्रातला नाही ही टोचणी त्यांतल्या पुष्कळांना होती. आत्म्याबद्दल तिथे जेमतेम एक ओळ आली, ती भरून यायला ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद व्हावी लागली. पण ही माणसं रिकाम्या जागेवर इमारत उभारत नव्हती. देव एकच आहे, येशूची उपासना होते, येशू पित्याची प्रार्थना करतो, आत्मा ह्या दोघांनी पाठवलेला आहे आणि तरी तो देवच आहे, ह्यातली एकही गोष्ट सोडायची नाही असं ठरवल्यावर जे म्हणावं लागतं ते त्यांनी म्हटलं. आरियसने पुत्राला निर्मिलेल्यांत बसवलं तर पुन्हा उठलेल्या येशूला थोमा या शिष्याने "माझ्या प्रभू, माझ्या देवा" म्हणणं हे मूर्तिपूजा ठरतं. साबेल्लियससारखे लोक म्हणाले की एकच देव कधी पिता, कधी पुत्र म्हणून प्रकट होतो, तर मग येशूची प्रार्थना हे नाटक ठरतं. मला हे सगळं पटतं ते परिषदेने सांगितलं म्हणून नाही. मी सोडून पाहिलं आहे. ह्यातला एक धागा काढला की शास्त्राची कुठली तरी पानं वाचता येईनाशी होतात.

मराठीत आपण "व्यक्ती" शब्द वापरतो तोही जपूनच वापरावा लागतो. आज व्यक्ती म्हटलं की स्वतंत्र मन, स्वतंत्र मर्जी, स्वतंत्र घर डोळ्यांपुढे येतं, आणि ऐकणाऱ्याला तीन देव दिसतात. शब्दाच्या मुळाशी गेलं तर व्यक्त होणं आहे, आणि तिकडे फार झुकलं की एकाच देवाची तीन रूपं होतात. बाबांच्या धाग्यांचंही तसंच. तिपदरी दोरीत प्रत्येक पदर एक तृतीयांश असतो. पिता एक तृतीयांश देव नाही. बाबांना हे मी कधी सांगितलं नाही आणि त्याची खंतही नाही, कारण त्या धाग्यांमुळेच मी हा विचार करायला शिकले.

त्यांच्या शेवटच्या वर्षी बाबांना माणसांची नावं आठवत नसत. रविवारी मी त्यांना रिक्षाने चर्चला न्यायचे. उपासनेत ते कुठेतरी हरवलेले असायचे, पण शेवटी पाळकसाहेबांनी आशीर्वचनासाठी हात वर केला की बाबांचे ओठ हलायला लागायचे. प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, आणि पवित्र आत्म्याची सहभागिता. हे दुसऱ्या करिंथकरांस पत्राचं शेवटचं वाक्य आहे. पौल इथे काही सिद्ध करत नाही, भांडणाऱ्या मंडळीचा निरोप घेतो आहे. निरोपात माणूस जे सहज बोलतो ते त्याच्या आत मुरलेलं असतं. ह्या वाक्यात ती तीन नावं मागाहून घालायची कुणाला गरज पडली नाही. बाबांनी हे आयुष्यभर दर रविवारी ऐकलं होतं, आणि त्याखाली पेन्सिलीची एकही रेघ नाही.

यंदा त्र्यैक्याच्या रविवारी शब्बाथशाळेचा वर्ग माझ्याकडे होता. पाऊस यायचा होता, पंखे गरम वारा फेकत होते. बाबांच्या डब्यातले धागे मी पर्समध्ये घेतले होते, पण काढले नाहीत. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचला: पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा, आकाशातून पित्याची वाणी. पुढच्या बाकावरच्या एका दहा वर्षांच्या मुलीने हात वर केला.

"टीचर, येशू देव आहे ना? मग बागेत तो प्रार्थना कुणाला करत होता? स्वतःलाच?"

मी तिला मार्क चौदा, छत्तिसावं वचन काढायला सांगितलं. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "अब्बा, बापा..." मी तिला सांगितलं की अब्बा हा येशूच्या घरच्या बोलीतला शब्द आहे, आणि ग्रीकमध्ये लिहिणाऱ्यांनीही तो तसाच ठेवला. मग गलतीकरांस पत्र, चौथा अध्याय, सहावं वचन काढायला लावलं. ते शोधायला तिला वेळ लागला, शेजारच्या मुलाने मदत केली. देवाने आपल्या पुत्राच्या आत्म्याला आपल्या अंतःकरणात पाठवलं आहे, असं ती वाचत गेली, आणि पुढे तो आत्मा काय हाक मारतो तिथे येऊन थांबली. पान उलटून पुन्हा मार्काकडे गेली. दोन्हीकडे बोटं ठेवून बघत राहिली.

"टीचर," ती म्हणाली, "तोच शब्द आहे."